मायनं वाळवलेली वाळू

विद्यापीठातून निरोप आला, की भूशास्त्र विभागातली नमुन्यांची खोली रिकामी करायची आहे. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्याचं काही असेल त्यानं येऊन घेऊन जावं, नाहीतर सगळं बाहेर टाकलं जाईल. मी आता शहरातच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. शनिवारी तास लवकर संपले, तशी सिटी बसनं गेले.

खोलीचं दार उघडल्याबरोबर तो वास आला. जुन्या लाकडी खोक्यांचा, दगडाच्या भुकटीचा आणि त्या दोन्हींत मिसळलेला एक गोडसर, डोकं जड करणारा वास. तो ब्रोमोफॉर्मचा. वाळूतले जड कण हलक्या कणांपासून वेगळे करायला आम्ही हा द्रव वापरायचो. वाळू त्यात ओतली की गारगोटीचे हलके कण वर तरंगत आणि जड कण सावकाश खाली बसत. ते खाली बसताना बघायला मला फार आवडायचं. काचेच्या नळीला नाक लावू नका असं मॅडम रोज सांगायच्या आणि मी रोज लावायचे.

खालच्या फळीवर माझी बाटली होती. झाकणावर धूळ, चिठ्ठीवर माझं तेव्हाचं गोल गोल अक्षर. ‘थर चौथा. तळ.’ त्याखाली ‘वय’ असं लिहून पुढे एक आडवी रेघ. बाटली हलवली तर आतून आवाज आला, कोरडा, बारीक, भाकरीच्या पिठाला चाळणीत येतो तसा.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गंगथडीला उतरायचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. माय गावातच राहून दोन एकर कोरडवाहू बघायची. मला गंगापूरच्या शाळेत घातलं ते एका गुरुजींनी, आणि माझी जन्मतारीख एक जून लिहिली तीही त्यांनीच. मायची तर तीही नाही. ती मोठ्या मावशीपेक्षा लहान आणि मामापेक्षा मोठी, एवढं नक्की आहे. पुढे दगडांचे थर शिकताना वर्गात इतरांना जी गोष्ट अवघड गेली ती मला सोपी गेली. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वर्ष माहीत नसलं तरी क्रम माहीत असतो, हे मला घरातूनच कळलेलं होतं.

एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी मला प्रकल्पासाठी निवडलं. का निवडलं ते मी कधी विचारलं नाही, आणि त्या उपकाराची अजून पुरती उतराई झालेली नाही. विषय होता किनाऱ्याची गाडली गेलेली वाळू. तळकोकणात समुद्रापासून अर्धा तास आत चालत गेल्यावर लागणाऱ्या एका वाडीत नवी विहीर खणली जात होती, आणि तांबड्या मातीखाली शिंपल्यांसकट पांढरी वाळू निघाली होती. म्हणजे कधीकाळी समुद्र तिथपर्यंत होता. ती वाळू कुठून आली आणि कधी गाडली गेली, एवढे दोनच प्रश्न. मॅडम म्हणाल्या, “दोन्हींची उत्तरं आणलीस तर पुढच्या संशोधनाला तुला मी घेते. एकच आणलंस तर बघू.” त्या रात्री मी हसतच झोपले असेन.

वाळूचं वय कसं काढतात, हे त्यांनी मला विभागाच्या पायऱ्यांवर बसून चहा पिता पिता सांगितलं होतं. गारगोटीचा कण जमिनीखाली अंधारात असला की आजूबाजूच्या मातीतून त्याला थोडी थोडी ऊर्जा मिळत राहते आणि तो ती साठवतो. जितका जास्त काळ अंधारात, तितकी साठवण जास्त. यंत्रात घालून त्याच्यावर प्रकाश टाकला की तो ती सगळी एका क्षणात देऊन टाकतो, आणि त्यावरून कळतं की कण किती वर्षं गाडलेला होता. मात्र त्याआधी त्याला ऊन दिसता कामा नये. थोडा वेळ ऊन लागलं, की साठवलेलं सगळं गेलं. मग तो कण आजच जन्मला म्हणून समजायचं.

म्हणून नमुना अंधारात काढायचा, अंधारात न्यायचा, लाल दिव्याच्या खोलीत उघडायचा.

कोकणात जाताना मी दादांचं घोंगडं नेलं होतं, थंडी वाजेल म्हणून. तिथं थंडी नव्हतीच. पण विहिरीत उतरून नळ्या ठोकायची वेळ आली तेव्हा मॅडमनी आणलेलं काळं प्लास्टिक वाऱ्यानं सारखं उडायला लागलं. मी घोंगडं पुढं केलं. काळ्या लोकरीचं, जाड, दादांच्या अंगाला घासून घासून मऊ झालेलं. त्याखाली डोकं घातलं की दिवसाढवळ्या काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मॅडम आत वाकून म्हणाल्या, “अगं, असलं घोंगडं आमच्या विद्यापीठाला कुणी सुचवलं नाही आजवर.” त्या काळोखात मेंढरांचा आणि समुद्राचा वास एकत्र आला होता. तसा वास पुन्हा मला कुठे आला नाही.

वाडीचे मालक, त्यांना आम्ही काका म्हणायचो, काठावर उकिडवे बसून सगळं बघत होते.

“काय गो बाय, वाळू कित्याक व्हयी तुका? थंय दर्यार व्हयी तितकी आसा,” ते म्हणाले. किनाऱ्यावर हवी तेवढी वाळू असताना ही पोर विहिरीत कशाला उतरली, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

“ती नवी आहे काका. मला जुनी हवी.”

“जुनी वाळू,” काका स्वतःशीच म्हणाले आणि विडी पेटवायला वळले.

चार थर, चार नळ्या. चौथी सगळ्यात खालची, गुडघाभर गार पाण्यात उभं राहून ठोकलेली. तिथं वाळू बारीक आणि दाट होती, आणि हातोडीचा आवाजही वेगळा, बसका यायचा. तीच सगळ्यात महत्त्वाची होती. समुद्र तिथं पहिल्यांदा कधी आला, ते त्या एका नळीत होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीत सिमेंटची कडी उतरणार होती, त्यामुळे पुन्हा काही मिळणार नव्हतं. नळ्यांना दोन्ही टोकांना बुचं लावली, वर काळं प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी. मॅडमना तिथून परस्पर पुण्याला जायचं होतं. एसटीत मला बसवून देताना त्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, “जपून ने. ऊन दाखवू नकोस.”

शहरात पोहोचले तर विभागाला लागोपाठ सुट्ट्या. अंगात ताप होता. तशीच गंगापूरची बस धरली आणि तिथून जीपनं गावी. सकाळचे दहा वाजले असतील. मायनं बॅग उचलून घेतली.

“काय हाय गं यात? लई जड लागती.”

“वाळू.”

“समिंदराची?”

“हं.”

“कशाला आणली?”

“अभ्यासाला.”

एवढंच बोलणं झालं. वाळू, अंधार, साठवण, लाल दिवा, हे तिला काय सांगायचं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं काही आहे हे मनातच आलं नाही. मी गोधडी ओढून घेतली आणि झोपले.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. ताप उतरला होता, अंगाला घाम होता. बाहेर अंगणातून मायचा आवाज येत होता, “हाड, हाड.” मी दारात आले. तिनं जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा अंगणात पसरला होता आणि त्यावर वाळू. पांढरी, पातळ पसरलेली, कुरडया-शेवयांसारखी नीट कडेपर्यंत. ती शेजारी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती, आणि मांडीवर सूप होतं.

“उठलीस व्हय? इकडं ये, कपाळ बघू.” तिनं हाताची पाठ लावून पाहिली. “उतरला. तुझी ती एक नळकांडी गळत व्हती बग. समदे कपडे भिजले. मंग म्हणलं, ओली वस्तू बंद ऱ्हायली तर कुजंल आतल्या आत. उघडली. लई कचरा व्हता शिंपल्यांचा. पाखडली, निवडली. आता बघ कशी झाली, रव्यावानी.”

“बाकीच्या तीन?”

“त्या कोरड्या व्हत्या. त्याहिला कामून हात लावू?”

कुंपणाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. “काय वो, पोरगी इद्यापीठात वाळू शिकती व्हय? आपल्या गंगेत काय कमी व्हती?”

“गंगेची वाळू घरं बांधायला,” माय काठी न हलवता म्हणाली. “ही शिकायला.”

मी खाली बसले. मूठभर वाळू उचलली. ती गरम होती, नुसती कोमट नाही, चांगली गरम. सकाळपासून उन्हात होती. मला नेमकं कळलं की काय झालं आहे, आणि ते इतकं पूर्ण झालं होतं की रडूही आलं नाही. माय माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चांगली झाली ना?”

“चांगली झाली, माय.”

ती चहा ठेवायला आत गेल्यावर मी उकिरड्यावर शिंपल्यांचे तुकडे शोधले. सात-आठ मिळाले, राखेत आणि कांद्याच्या सालींत. बाकीचे कोंबड्यांनी नेले होते. ते तुकडे मी ओढणीच्या टोकाला बांधले. संध्याकाळी मायनं ती वाळू एका काचेच्या बरणीत भरून, वर फडकं बांधून माझ्या हातात दिली. बरणी लोणच्याची होती आणि तिनं ती तीनदा घासली होती.

सुट्ट्या संपल्यावर विभागात गेले. मॅडमच्या टेबलावर तीन नळ्या आणि ती बरणी ठेवली आणि बसमध्ये घोकलेलं वाक्य बोलले. “मॅडम, चौथी नळी प्रवासात फुटली.”

त्यांनी बरणी खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत राहिल्या. “फुटलेल्या नळीतली वाळू इतकी निवडलेली कशी गं?”

मी ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“कुणी निवडली?”

“आईनं.”

मला वाटलं आता चिडतील. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसला. “इतकी स्वच्छ वाळू आपल्या प्रयोगशाळेत कधी निघाली नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, हळू, “वय गेलं. आता ते कुणालाच कळणार नाही. पण कुठून आली, ते उन्हानं जात नाही. तेवढं तरी बघ.” आणि मी दाराशी पोहोचले तेव्हा विचारलं, “आईला काय सांगितलंस?”

“काहीच नाही.”

“बरं केलंस.”

त्या वर्षीचा हिवाळा मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. तीन नळ्यांची वाळू लाल दिव्याच्या खोलीत तयार व्हायची. तिथं सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसत आणि बाहेर आलं की व्हरांड्यातलं ऊन डोळ्यांत टोचायचं. ती वाळू मग दुसऱ्या शहरातल्या यंत्राकडे गेली. चौथ्या थराच्या वाळूला मात्र लाल दिवा लागला नाही. तिचं सगळं काम उजेडात झालं, खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाखाली. बाहेर लिंबाचं झाड होतं, आणि पलीकडे लेण्यांचा डोंगर, उघडा, काळ्या दगडाचा. आमच्या काळ्या दगडात गारगोटीची अशी पांढरी वाळू होत नाही. भिंगाखालचे ते कण मला परगावहून आलेल्या पाहुण्यांसारखे वाटायचे. पाण्यासारखे स्वच्छ काही, काही दुधी, एखादा लालसर गार्नेटचा, आणि लोहचुंबक फिरवला की धावत येणारे काळे. मायच्या सुपातून हलकं सगळं उडून गेलं होतं, त्यामुळे जड कण भरपूर होते. ते मोजता मोजता कळलं, की वरची वाळू जवळच्या खाडीनं आणलेली आहे, पण तळाची तशी नाही. तिचे कण जास्त गोल होते, दुसऱ्या, जुन्या खडकातून निघालेले.

तीन थरांची वयं आली. काही हजार वर्षं, खाली जाल तसं वाढत जाणारी. चौथ्याची उरलेली वाळू बरणीतून बाटलीत भरली, आणि तिच्या चिठ्ठीवर आणि प्रकल्पाच्या अहवालात वयापुढे रेघ मारली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्या रेघेवर पेन ठेवून विचारलं, “हे काय?”

“नमुना उजेडात आला, सर.”

“कुणाच्या हातून?”

“माझ्या.”

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. पास झाले, चांगल्या गुणांनी. मॅडमच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर मी आणलं होतं. त्या वर्षी संशोधनाची एकच जागा होती, ती दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याचं काम खरोखर चांगलं होतं. मी नोकरी धरली. त्याबद्दल आता तक्रार नाही. मॅडम निवृत्त होईपर्यंत मला दर गणपतीत फोन करायच्या.

गावी मात्र ती वाळू वेगळीच वाढत गेली. लग्नात, बारशाला, जत्रेत कुणी माझं कौतुक केलं की माय सांगायची, “तिची वाळू ओली व्हती. मी वाळवून, निवडून दिली. तव्हा पास झाली.” बाया हसायच्या, तिच्याकडे आदरानं बघायच्या. मी ताटातली भाजी ढवळत बसायचे.

दादा गेल्यापासून माय माझ्याकडेच असते. परवा बाटली घेऊन घरी आले तेव्हा ती गॅलरीत मेथी निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिनं बाटली हातात घेतली, हलवली, उजेडात धरली.

“ही माझीच हाय.”

“हो.”

“इतकी वर्सं ठिवली त्यांनी?” ती उठलीच. “थांब, वरच्या बाईंला दाखवून येते. त्यांची पोरगी बी तुझंच शिकती ना, दगडांचं. सांगते तिला, बग म्हणावं, वाळू कशी निवडायची असती.”

ती चप्पल शोधत होती. वरची मुलगी हुशार आहे, आणि सरळ आहे. तिला एका वाक्यात कळलं असतं, आणि तिच्या तोंडावर ते दिसलं असतं.

“माय, बस जरा.”

मी सांगितलं. कसंबसं, उभ्यानंच. ऊन लागलं की त्या वाळूचं वय पुसलं जातं. ती नळी मुद्दाम अंधारात ठेवलेली होती. त्या दिवशी अंगणात ते पुसलं गेलं.

माय खाली बसली. बाटली तिनं मेथीच्या जुडीशेजारी ठेवली. बराच वेळ काड्या मोडत राहिली, पानं एकीकडे, देठ एकीकडे.

“तुझ्या म्याडमला ठाऊक व्हतं?”

“हो.”

“परीक्षेला आलते, त्यांला?”

“त्यांना मी माझं नाव सांगितलं.”

“म्हंजे समद्यांला ठाऊक. मला सोडून.” तिनं देठ टोपलीत टाकला. “अन् मी गावभर सांगत फिरले.”

“तुला वाईट वाटलं असतं, म्हणून.”

“वाटलं असतं. मंग? वाईट वाटायला काय शाळा शिकावी लागती?”

मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

“तव्हा घरात पाय ठिवल्याबरोबर म्हणली असतीस, माय, हिला ऊन दाखवू नको, तर मी घोंगड्यात गुंडाळून कणगीच्या मागं ठिवली असती. कामून म्हणून इचारलं बी नसतं. एवढंच सांगायचं व्हतं. एवढं मला कळलं असतं.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी तिच्याजवळ खाली बसले. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी गेली, समोरच्या गच्चीवर कुणी गाद्या झोडपत होतं. मी म्हणाले, “चुकलं माझं.”

“चुकलंच.” तिनं मेथी बाजूला सारली आणि पदराला हात पुसले. “आता सांग. पयल्यापून. ती वाळू वय कशी धरती?”

मग मी सांगितलं. मॅडमनी मला पायऱ्यांवर सांगितलं होतं तसं, पण जास्त सावकाश. कण अंधारात कसा साठवत जातो. उन्हात कसं सगळं सोडून देतो. डोंगरातून नदी त्याला कशी आणते, किनाऱ्यावर तो कसा पडतो, मग त्याच्यावर दुसरी वाळू, त्याच्यावर माती. ती मध्ये मध्ये थांबवत होती. “म्हंजे बी पेरल्यावानी?” एकदा म्हणाली, आणि मग स्वतःच, “नाय, बी उगवतं. ही नुसती बसून ऱ्हाती.” एकदा म्हणाली, “अंधारात मोजती, म्हंजे हिला बी माझ्यावानी लिहिता येत नाय, नुसतं ध्यानात ठिवती.” मी हसले. ती हसली नाही, ती विचार करत होती.

“बरं,” ती म्हणाली, “डोंगरातून नदीनं आणली. नदीत ऊन लागलंच असंल हिला.”

“लागलं ना. तेव्हाच आधीचं पुसलं गेलं. मग किनाऱ्यावर गाडली गेल्यापासून नवीन मोजणी.”

“अन् डोंगरात जायच्या आधी? तिथं बी कुणी आणलीच असंल. तव्हा बी ऊन असंल.”

“असेल. ते नाही कळत. शेवटची गाडली गेल्यापासूनचंच वय कळतं.”

“तुमच्या मशिनीला बी नाय कळत?”

“नाही. कुणालाच नाही.”

मायनं बाटली उचलली, झाकण काढलं आणि थोडी वाळू तळहातावर घेतली. अंगठ्यानं ती पसरवत राहिली, खडा दिसतो का ते बघत. गॅलरीत तिरपं ऊन आलं होतं आणि ते सरळ तिच्या हातावर पडलं होतं. तिनं हात मागे घेतला नाही.

“म्हंजे पुसणारी मी काय पयली नाय,” ती म्हणाली.